एवढं प्रेम होतं तर लग्न का नाही केलं? जुन्या कादंबऱ्यांतला वर्गभेद नेमका कुठे आडवा येतो

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की 'वदरिंग हाइट्स' वाचून संपवली, प्रेम अंगावर आलं पण रागही आला, हिथक्लिफवर एवढं जिवापाड प्रेम असताना कॅथरीन श्रीमंत एडगरला हो का म्हणते, ती आणि हिथक्लिफ पळून का जात नाहीत, आणि जुन्या कादंबऱ्यांतला हा गरीब-श्रीमंत अडथळा खरा असतो की लेखकाने पानं भरायला आणलेला असतो. आणि शेवटी, याच वळणाचं अजून काय वाचू. मी बरीच वर्षं एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्या शिकवतेय, हा प्रश्न वर्गात हमखास येतो आणि दर वेळी मला तो आवडतो, कारण तो विचारणाऱ्याने पुस्तक मनाला लावून घेतलेलं असतं. त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

अडथळा शंभर टक्के खरा आहे. फक्त आपण तो चुकीच्या जागी शोधतो. सिनेमे बघून आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं झालंय, की दारात कडक बाप उभा, मागे रडणारी आई, आणि बाहेर गरीब हिरो. चांगल्या कादंबऱ्यांमध्ये असा बाप बऱ्याचदा नसतोच. कॅथरीन एडगरला हो म्हणते तेव्हा तिचा बाप कधीच गेलेला आहे, भाऊ हिंडली दारूत बुडालाय, तिला धाकदपटशा करणारं घरात कोणीही नाही. निर्णय तिचा ती घेते. वर्गभेद तोपर्यंत तिच्या आत शिरून बसलेला असतो, तिच्या नजरेत, तिच्या हिशोबात, आणि हिथक्लिफच्या तर अख्ख्या शरीरात. या कादंबऱ्या वाचताना तो आत कसा शिरला हे शोधायचं. माझ्या मते खरी गोष्ट तीच असते, बाकी नुसतं कथानक.

नववं प्रकरण परत काढा. स्वयंपाकघर, घरातली मोलकरीण नेली मांडीवर हिंडलीच्या छोट्या हेअरटनला झोपवतेय, कॅथरीन येऊन जमिनीवर बसते आणि सांगते की एडगरने मागणी घातली, मी हो म्हटलं. नेली विचारते का, तर कारणं काय देते बघा. देखणा आहे, तरुण आहे, हसरा आहे, पुढे श्रीमंत होणार आहे आणि मग या पंचक्रोशीत माझ्याएवढी मोठी बाई दुसरी नसेल. मग ती म्हणते की त्या दुष्ट माणसाने, म्हणजे हिंडलीने, हिथक्लिफला इतकं खाली आणलं नसतं तर मी एडगरचा विचारही केला नसता, पण आता हिथक्लिफशी लग्न करणं म्हणजे माझं खाली येणं. भिंतीलगतच्या बाकावर हिथक्लिफ बसलाय, मधल्या उंच पाठीच्या बाकामुळे तो कॅथरीनला दिसत नाही, नेलीला दिसतो. तो एवढं वाक्य ऐकतो आणि उठून निघून जातो. त्यानंतर ती जे म्हणते, की तो माझ्याहून जास्त मी आहे, आमचे आत्मे एकाच गोष्टीचे बनलेत, ते त्याच्या कानावर पडतच नाही. लोक याला योगायोग म्हणून सोडून देतात. मला तसं वाटत नाही. ज्याला वर्षानुवर्षं ऐकवलंय की तू नोकर आहेस, तो असं वाक्य कानावर आल्यावर पुढचं ऐकायला थांबणारच नाही, त्याला ते आधीपासून माहीतच होतं आणि आज तिच्या तोंडून कन्फर्म झालं.

आता जरा मागे जा. थोरल्या अर्नशॉने, म्हणजे कॅथरीनच्या बापाने, लिव्हरपूलच्या रस्त्यावरून हा पोरगा उचलून आणला, स्वतःच्या वारलेल्या मुलाचं नाव त्याला दिलं. दोघं एकत्र वाढले, माळरानावर एकत्र उंडारले. म्हातारा गेल्यावर हिंडलीने पहिलं काम काय केलं, तर त्याचं शिक्षण बंद केलं आणि त्याला शेतावर राबायला लावलं. मार वगैरे पण आहे, पण खरा घाव हा शिक्षणाचा. मग कॅथरीन पाच आठवडे लिंटनांच्या, म्हणजे एडगरच्या घरच्या, बंगल्यावर राहून येते आणि परत येते ती नव्या कपड्यांत. हिथक्लिफचा हात हातात घेते आणि तिची नजर त्याच्या मळक्या बोटांवर जाते आणि तिथून आपल्या ड्रेसवर, डाग तर नाही ना पडला. बस, एवढंच. कोणी कोणाला काही बोललेलं नाही, पण तो बघतो तिने काय बघितलं ते.

आणि माझा सगळ्यात आवडता तपशील म्हणजे ते कॅलेंडर. हिथक्लिफ भिंतीवरच्या पंचांगावर खुणा करून ठेवतो, ज्या संध्याकाळी ती लिंटन लोकांबरोबर होती तिथे फुली आणि त्याच्याबरोबर होती तिथे ठिपका. तो तिला ते दाखवतो. ती वैतागते, म्हणते मी कायम तुझ्याजवळ बसून काय करू, तू बोलतोस काय, मुका असतास किंवा तान्हं बाळ असतास तरी काय फरक पडला असता. हे वाक्य भयंकर आहे कारण ते खरं आहे! त्याच्याकडे बोलायला खरंच काही उरलेलं नाही, दिवसभर शेतात राबून आलेला, पुस्तकं हिरावून घेतलेली, तो काय बोलणार. म्हणजे दोघांमध्ये भिंत उभी करायची गरजच पडत नाही. एकाचं शिकणं थांबवलं, हात खरबरीत केले, बोलणं काढून घेतलं की प्रेम करणाऱ्यालाच त्याचा कंटाळा येतो. हे एमिली ब्राँटेने १८४७ मध्ये लिहून ठेवलंय, आणि ते वाचून माझ्या पोटात अजूनही खड्डा पडतो.

पळून जाण्याबद्दल. इंग्लंडमध्ये १७५३ च्या विवाह कायद्याने एकवीस वर्षांखालच्यांना घरच्यांच्या परवानगीशिवाय लग्न करणं जवळजवळ अशक्य केलेलं होतं, म्हणून तर जोडपी स्कॉटलंडच्या हद्दीतल्या ग्रेटना ग्रीनला पळायची. कॅथरीन त्या प्रसंगात पंधरा वर्षांची आहे आणि हिथक्लिफ साधारण तेवढाच. पळाले असते, पण पुढे? ती स्वतःच म्हणते की आम्ही भिकारी होऊ, आणि एडगरशी लग्न केलं तर हिथक्लिफला वर यायला मदत तरी करता येईल. नेली लगेच विचारते, नवऱ्याच्या पैशाने? प्रश्न बरोबर होता, कारण त्या काळी लग्न झालेल्या बाईचा पैसा कायद्याने नवऱ्याचाच, ही परिस्थिती बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. म्हणजे कॅथरीनची आयडिया भाबडी आहे, पण ती फक्त पैशाला हपापलेली नाही हे लक्षात घ्या.

पैशाचा अंदाज यावा म्हणून आकडे सांगते, कारण आकड्यांशिवाय या कादंबऱ्या निम्म्याच कळतात. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मध्ये नायक डार्सीचं उत्पन्न वर्षाला दहा हजार पाउंड. नायिका एलिझाबेथच्या वाट्याला येणार एकूण एक हजार पाउंड, चार टक्क्यांनी गुंतवलेले, म्हणजे वर्षाला चाळीस पाउंड, आणि तेही आई गेल्यावर (कॉलिन्स हे तिला मागणी घालतानाच ऐकवतो, केवढा उद्धटपणा!). आणि 'जेन एअर' मधल्या जेनला रॉचेस्टरच्या थॉर्नफील्ड या वाड्यात गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून शिकवणारी बाई, म्हणून वर्षाला तीस पाउंड मिळतात. दोन कादंबऱ्यांमध्ये काही दशकांचं अंतर आहे हे मान्य, तरी दहा हजार आणि तीस हे दोन आकडे शेजारी ठेवून मग रोमान्सचा विचार करा.

'जेन एअर' चा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते जी बऱ्याच वाचकांच्या नजरेतून सुटते. सगळ्यांना ते लग्नाच्या दिवशी भर चर्चमध्ये लग्न थांबवणं आठवतं, रॉचेस्टरची माळ्यावर कोंडलेली बायको आठवते. पण ही बातमी चर्चपर्यंत पोचली कशी? लग्न ठरल्यावर रॉचेस्टर जेनला कपडे घ्यायला घेऊन जातो, रेशमी कापडं, भारी रंग, दागिने, आणि जेनला आनंद व्हायच्या ऐवजी गुदमरल्यासारखं होतं. तो जितकं घेतो तितका तिला अपमान वाटत जातो, आपण पोसलेली बाई झालोय असं वाटतं. तेव्हा तिला आठवतं की मदीराला आपला एक काका आहे, त्याच्याकडून थोडंफार स्वतःचं काही मिळालं तर हे सगळं सोसता येईल, आणि ती त्याला पत्र लिहून लग्नाची बातमी कळवते. ते पत्र पोचतं तेव्हा रॉचेस्टरच्या बायकोचा भाऊ मेसन नेमका त्या काकाकडे थांबलेला असतो. म्हणजे लग्न मोडतं ते त्या कापडाच्या दुकानात टोचलेल्या एका भावनेमुळे. शार्लट ब्राँटेने हे इतकं गुपचूप विणलंय की दुसऱ्यांदा वाचतानाच दिसतं. प्रेमात काही कमी नव्हती, पण एकाने कायम द्यायचं आणि दुसऱ्याने कायम घ्यायचं यातली अढी तिला गिळता आली नाही. पुढे काकाचे वीस हजार पाउंड मिळतात, ती चौघांत वाटून प्रत्येकी पाच हजार करते, आणि मगच परत जाते. काही लोकांना हा वारसा म्हणजे लेखिकेने केलेली सोय वाटते, मला वाटतं तो त्या दुकानातल्या प्रसंगाचा हिशोब पूर्ण करतो.

डिकन्सचा पिप हा या सगळ्यांत मला सर्वात जवळचा. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' १८६०-६१ मध्ये क्रमशः आली. लोहाराकडे वाढलेला पोरगा, त्याला श्रीमंत मिस हॅविशमच्या घरी पत्ते खेळायला बोलावतात आणि तिथली मुलगी एस्टेला म्हणते, हा पत्त्यांतल्या गुलामाला भलत्याच नावाने हाक मारतो, आणि हात किती राठ याचे, बूट किती जाड. परत हात बघा. त्या दिवसापर्यंत पिपला आपल्या हातांचं काहीच वाटत नव्हतं. घरी जाताना तो ते हात आणि ते बूट तिच्या नजरेने बघत जातो आणि पुढची सगळी कादंबरी त्या नजरेतून बाहेर पडायला लागते. त्याची गावातली मैत्रीण बिडी त्याला एकदा सरळ विचारते, तुला जंटलमन व्हायचंय ते तिला खिजवायला की तिला मिळवायला? त्याच्याकडे उत्तर नसतं. आणि याची किंमत कोण मोजतं, तर जो, त्याचा मेहुणा, ज्याने त्याला लहानाचं मोठं केलं. जो लंडनला भेटायला येणार म्हटल्यावर पिपच्या मनात येतं की पैसे देऊन त्याला लांब ठेवता आलं असतं तर मी पैसे दिले असते. भेटीत जो त्याला मधूनच सर म्हणायला लागतो. वर्गाच्या पायरीवर वर चढून जे प्रेम मिळवायचं असतं ते चढताना खालचं प्रेम तुडवलं जातं, हे एवढ्या उघडपणे डिकन्सने लिहिलंय म्हणून ही कादंबरी मला 'वदरिंग हाइट्स' इतकीच मोठी वाटते. आणि शेवटी कळतं की ती नखरेल एस्टेला एका कैद्याची आणि खुनाचा खटला चाललेल्या मोलकरणीची मुलगी, पिपचा पैसाही त्याच कैद्याचा. म्हणजे ज्या उंचीकडे बघत तो आयुष्यभर झुरला ती उंची मुळात नव्हतीच.

काही जण इथे रोमिओ-ज्युलिएटचं उदाहरण देतात, ते बसत नाही. नाटकाच्या पहिल्याच ओळीत सांगितलंय की दोन्ही घराणी मानाने सारखी. ते वैर आहे, वर्गभेद नाही, आणि वैर कितीही वाईट असलं तरी ते प्रेमिकांना बाहेरून मारतं.

'देवदास' मात्र बरोबर बसतं. शरदबाबूंची ही छोटीशी कादंबरी १९१७ ची, सिनेमांमुळे सगळ्यांना वाटतं आपल्याला माहितीये, पण मूळ पुस्तक वाचा. देवदास आणि पार्वती दोघंही ब्राह्मण, शेजारी, लहानपणापासून एकत्र. अडचण काय, तर देवदासचं मुखर्जी घराणं जमीनदार आणि पारोचं घर मुलीच्या लग्नात पैसे घेणारं, म्हणून हलक्या प्रतीचं मानलेलं, शिवाय घराला लागून घर. जात एक असूनही प्रतिष्ठेची अशी उतरंड. पारो रात्री एकटी देवदासच्या खोलीत जाते, केवढं धाडस, सगळी अब्रू पणाला लावून. आणि तो? आईवडिलांना विचारतो, नाही म्हटल्यावर कलकत्त्याला निघून जातो आणि तिथून पत्र लिहितो की तुझ्यावर माझं तसं प्रेम होतं असं मला कधी वाटलं नाही. पत्र गेल्यावर पश्चात्ताप. परत येतो तेव्हा पारो ताठ मानेने त्याला नकार देते आणि तो मासेमारीच्या काठीने तिच्या कपाळावर मारतो. लोक देवदासच्या दारूवर रडतात, मला मात्र त्या पत्राचा राग येतो. जमीनदाराच्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी गमवायची वेळ आली आणि त्याला ते जमलंच नाही, गरीब घरातली मुलगी सगळं पणाला लावून मोकळी झाली होती.

इथून एक मोठा पॉइंट निघतो जो या सगळ्या पुस्तकांना लागू होतो. श्रीमंत पुरुष आणि गरीब बाई, आणि श्रीमंत बाई आणि गरीब पुरुष, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिचर्डसनच्या 'पामेला' मध्ये, १७४० ची आहे ही, मालक मोलकरणीशी लग्न करतो तेव्हा त्याची बहीण भडकून विचारते की मी बापाच्या घोडेवाल्याशी लग्न केलं असतं तर? तो शांतपणे सांगतो की पुरुष बाईला आपल्या पायरीवर वर घेतो, पण बाई कितीही मोठ्या घरची असली तरी खालच्याशी लग्न करून ती त्याच्या पायरीवर उतरते. हा नियम डोक्यात ठेवला की खूप काही उलगडतं. जेनचं लग्न शेवटी होऊ शकतं. हिथक्लिफ, ऑस्टिनच्या 'पर्स्वेजन' मधला वेंटवर्थ आणि 'द ग्रेट गॅट्सबी' मधला गॅट्सबी या तिघांना मात्र आधी गायब होऊन, पैसा करून परत यावं लागतं. आणि १९२८ ची 'लेडी चॅटर्लीज लव्हर' एवढी का झोंबली यातही हा नियम आहेच, तिथे बाई वरची आणि पुरुष शिकारीच्या जंगलाचा राखणदार, आणि उतरून जाण्याची तिला लाज वाटत नाही. १९६० मध्ये लंडनला त्या पुस्तकावर खटला चालला तेव्हा सरकारी वकिलाने ज्यूरीला विचारलं होतं की हे पुस्तक तुमच्या बायकोने किंवा नोकरांनी वाचावं असं तुम्हाला वाटेल का. बायको आणि नोकर, एकाच वाक्यात. पुस्तक सुटलं.

पैसा करून परत आल्यावर तरी सुटतं का? गॅट्सबीचं बघा. १९१७ मध्ये तो श्रीमंत घरातल्या डेझीच्या घरात शिरू शकला कारण अंगावर लष्कराचा गणवेश होता, गणवेशात गरिबी दिसत नाही, आणि त्याने तिला समजू दिलं की आपण तिच्याच थरातले आहोत. नंतर बंगला येतो, पार्ट्या येतात, ते शर्ट येतात ज्यांत तोंड खुपसून डेझी रडते. पण प्लाझा हॉटेलच्या त्या खोलीत डेझीच्या नवऱ्याने, टॉमने, प्रेमावर घाव घातला नाही, पैसा कुठून आला त्यावर घातला, औषधांच्या दुकानांतून चोरून विकलेली दारू, आणि डेझी तिथल्या तिथे आत ओढली जाते. आणि त्याच पुस्तकात मर्टल आहे, गॅरेजवाल्याची बायको, टॉमची प्रेयसी, तिची गोष्ट कोणी या विषयात मोजतच नाही. तिला नवऱ्याचा राग का आहे माहितीये? लग्नात त्याने घातलेला सूट दुसऱ्याचा उसना होता आणि त्याने तिला सांगितलं नव्हतं. टॉम तिचं नाक फोडतो, कशावरून, तर तिने त्याच्या बायकोचं नाव तोंडात घेतलं म्हणून. शिकवताना मी गॅट्सबीइतकाच वेळ मर्टलला देते.

जेन ऑस्टिनची 'पर्स्वेजन' मात्र वेगळं काहीतरी दाखवते, आणि ते मला जास्त खोल वाटतं. अ‍ॅन एकोणीस वर्षांची असताना वेंटवर्थला हो म्हणते, तो नेव्हीत, हातात काही नाही, घरच्या एका हितचिंतक बाई तिची समजूत घालतात आणि ती लग्न मोडते. आठ वर्षांनी तो पंचवीस हजार पाउंडांचा मालक होऊन परत येतो आणि इकडे अ‍ॅनचा बाप कर्जापायी राहता वाडा भाड्याने द्यायला निघालेला, भाडेकरू कोण, तर वेंटवर्थची बहीण आणि तिचा नवरा. पैशाचा प्रश्न संपला. तरी अख्खी कादंबरी लागते. शेवटी तो कबूल करतो की वेगळं झाल्यावर दोनेक वर्षांतच माझ्या हातात थोडे हजार पाउंड आणि एक जहाज होतं, तेव्हाच मी तुला लिहिलं असतं तर? अ‍ॅन म्हणते, हो म्हटलं असतं. पण त्याचा अभिमान दुखावलेला होता, त्याने लिहिलं नाही. म्हणजे आठातली दोन वर्षं पैशाने खाल्ली आणि सहा वर्षं त्या अपमानाने, तू मला कमी लेखलंस याने. हे इतकं अचूक आहे! वर्गभेदाचा ओरखडा परिस्थिती बदलल्यावरही राहतो, आणि तो धरून ठेवणारा कधी कधी आपणच असतो.

स्तांदालची 'द रेड अँड द ब्लॅक' (१८३०) तुम्हाला चिडवेल पण वाचाच. ज्युलियन सोरेल लाकूड कापणाऱ्या गिरणीवाल्याचा मुलगा, महापौराच्या घरी शिकवणीला लागतो. एका रात्री बागेत बसलेले असताना तो ठरवतो की दहाचे ठोके पडेपर्यंत मालकिणीचा हात हातात घ्यायचाच, नाहीतर खोलीत जाऊन गोळी झाडून घ्यायची. हात घेतल्यावर त्याला सुख होतं ते प्रेमाचं नाही, परीक्षा संपल्याचं. वर्गभेद माणसाला प्रेमसुद्धा मोहिमेसारखं करायला लावतो हे त्या हातात हात घेण्यात सगळं आलं. आणि पुढे त्याच्यावर खटला चालतो तेव्हा तो ज्यूरीला तोंडावर सांगतो की समोर बसलेल्यांत वर आलेला एकही शेतकरी मला दिसत नाही. त्याला खरं प्रेम कोणावर होतं हे कळतं ते तुरुंगात, जिथे चढायला पायरीच उरलेली नसते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे हा अडथळा पानं भरायला असतो का, तर वाईट कादंबऱ्यांत असतो. ओळखायचं कसं ते सांगते. अडथळा काढला तर दोघं जशीच्या तशी उरत असतील, आणि शेवटी गरीब मुलगा कुठल्या तरी सरदाराचा हरवलेला वारस निघून सगळं सुरळीत होत असेल, तर तो भराव. चांगल्या कादंबरीत अडथळा काढताच येत नाही कारण त्यानेच ती माणसं घडवलेली असतात. हिथक्लिफ तीन वर्षांनी पैसेवाला होऊन येतो, नीट बोलतो, नीट वागतो, तरी आतला तो बाकावर बसलेला पोरगा जात नाही, आणि मग तो दोन्ही घरं गिळतो, एक जुगारातल्या कर्जाने आणि दुसरं मुलाच्या लग्नातून. तुम्हाला पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग कंटाळवाणा वाटला असेल तर त्यातलं हेअरटनचं वाचन परत बघा. हिंडलीच्या मुलाला हिथक्लिफ मुद्दाम अडाणी ठेवतो, आपल्याशी जे केलं तेच. कॅथरीनची मुलगी, धाकटी कॅथी, आधी त्याच्या अडखळत वाचण्याला हसते आणि नंतर तीच त्याला शिकवते. आईला हिथक्लिफचा मुकेपणा सहन झाला नाही, मुलगी हेअरटनला शब्द देते.

आता काय वाचावं. पहिलं नाव मी सांगेन ते आपल्याकडे फार कोणी घेत नाही, थिओडोर फोंटाने या जर्मन लेखकाची 'इरुंगेन, विरुंगेन', पुस्तकरूपात १८८८, इंग्रजीत भाषांतरं मिळतात. बर्लिन. बोथो सरदार घराण्यातला लष्करी अधिकारी, लेने शिवणकाम करून पोट भरणारी मुलगी. यात खलनायक नाही, पळून जाणं नाही, आत्महत्या नाही. लेनेला पहिल्यापासून माहितीये की हा एक दिवस जाणार, आणि ती तसं त्याला सांगतेही. तिच्या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका असतात आणि त्याला त्या गोड वाटतात, हे वाचताना मला दर वेळी टोचतं, कारण गोड वाटण्यातही उंचावरून बघणं आहेच. एका सहलीत तो फुलांचा गुच्छ तिच्याच केसाने बांधायला सांगतो, ती आधी नको म्हणते, केस माणसाला बांधून ठेवतो अशी समजूत आहे, मग बांधते. त्याच्या घरावर कर्ज, आईचं पत्र येतं, तो श्रीमंत नात्यातल्या मुलीशी लग्न करतो. बायको चांगली आहे, बडबडी आहे, संसार ठीक चालतो. नंतर तो ती पत्रं आणि तो गुच्छ जाळतो आणि त्याच्या लक्षात येतं की राख झाली तरी आपण बांधलेलेच. ही १८८७ मध्ये बर्लिनच्या वर्तमानपत्रात क्रमशः येत होती तेव्हा वाचक खवळले होते, सरदार आणि शिवणकाम करणारी मुलगी यांचं लग्नाशिवायचं नातं इतक्या सहानुभूतीने लिहिलेलं त्यांना झेपलं नाही. अगदी शेवटी बोथोची बायको नाश्ता करताना पेपरात लेनेच्या लग्नाची जाहिरात वाचून नवऱ्यामुलाच्या गिडिऑन या नावाला हसते. बोथो काय उत्तर देतो ते मी सांगत नाही, दोन-चार शब्दच आहेत, वाचा.

त्यानंतर 'पर्स्वेजन', छोटी आहे, आठवड्यात होईल. मग 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स', आणि तिचे दोन शेवट आहेत हे लक्षात ठेवा, मूळ शेवट डिकन्सने बुल्वर-लिटन या लेखकमित्राच्या सांगण्यावरून बदलला, बऱ्याच आवृत्त्यांत मागे पहिला शेवटही छापलेला असतो, दोन्ही वाचून मग ठरवा कुठला पटतो ते. स्तांदाल सगळ्यात शेवटी, आणि घाई न करता.